साक्ष देणे, प्रचार करणे की नुसतं सांगणे?

कोरा_कागद:
एका मुलाखतीचा अनुवाद करतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडकून बसलेय. मुलाखत पुण्यातल्याच एका ख्रिस्ती बाईंची आहे, पासष्टीच्या असतील, मुलाखत घेणारा बाहेरचा होता म्हणून इंग्रजीत बोलल्या. दर रविवारी उपासना झाली की त्या पुणे स्टेशनच्या बाहेर रिक्षांच्या रांगेच्या कडेला उभ्या राहतात आणि थांबलेल्या अनोळखी माणसांशी येशूबद्दल बोलतात. याला त्या 'विटनेसिंग' म्हणतात. वाक्य आहे, त्या दिवशी मी एका हमालाला विटनेस करत होते. मी लिहिलं 'धर्मप्रचार करत होते'. त्यांना वाचून दाखवलं तर जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, प्रचार निवडणुकीत करतात. मी साक्ष देते." आता 'मी एका हमालाला साक्ष दिली' हे मोठ्यांदा वाचून बघा. कोर्टात गेल्यासारखं वाटतं की नाही? आणि तो 'ला' मला अजिबात बसत नाहीये, साक्ष कोणाच्या बाजूने देतात, कोणाविरुद्ध देतात, कोणासमोर देतात, पण कोणाला दिलेली मी तरी ऐकलेली नाही. शनिवारी मजकूर द्यायचाय.

फडताळ:
धर्मप्रसार लिहा. प्रचार ही कृती, प्रसार हा परिणाम, असा फरक मी करतो. आणि प्रचार शब्दाला उगाच वाईट ठरवू नका, निवडणुकांनी तो नासवला. 'हा शब्द आता प्रचारात नाही' असं आम्ही म्हणायचो तेव्हा त्याचा अर्थ फक्त रूढ नाही एवढाच होता. वाचक मराठी आहे, त्याला कळेल असं लिहायचं, प्रत्येक समाजाची आतली बोली अनुवादात ओतायला लागलो तर कसं व्हायचं.

नगरी_बोली:
फडताळकाका, आतली बोली कसली, मराठीच आहे ती. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात विचारा, साक्ष म्हणजे काय ते पोरंसुद्धा सांगतील. देवळात (हो, आमच्याकडे चर्चला सर्रास देऊळच म्हणतात) पाळकसाहेबांनी विचारलं की आज कोणाला साक्ष द्यायचीय, की माणूस उठून उभा राहतो आणि आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगतो, दारू कशी सुटली, पोरगं आजारातून कसं उठलं.

माझी आजी बायबलबाई होती. गावोगाव पायी जायची. ती ना प्रचार म्हणायची ना सुवार्ताप्रसार, "प्रभूचं सांगाया चालले" एवढंच म्हणायची. एखाद्या ओट्यावर बायका तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, ही जाऊन त्यांच्यात बसायची, स्वतःपण सुपात हात घालायची आणि खडे काढता काढता गोष्ट सुरू. तिचा नवा करार जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला असायचा, तो अजून माझ्याकडे आहे, लूकचा १५वा अध्याय जिथे आहे ती पानं अंगठ्याने काळी पडलीयत, उधळ्या पुत्राची गोष्ट. कोणी ऐकलं ऐकलं, नाही ऐकलं तर तांदूळ तरी निवडून व्हायचे. या सगळ्याला धर्मप्रसार म्हणणं मला जमत नाही, तो सरकारी शब्द आहे.

कोर्टपेठ:
मी शिवाजीनगर कोर्टात काम करतो त्यामुळे हा शब्द रोज कानावर. साक्ष नोंदवली जाते, तपासली जाते, उलटतपासणीत मोडते, साक्षीदार फितूर होतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या ताई, ऐकीव पुरावा सहसा चालत नाही. साक्षीदाराने स्वतः जे पाहिलं ऐकलं तेवढंच सांगायचं, बाकीचं "मला माहीत नाही". नगरी_बोलींनी वर जे सांगितलं की माणूस उठून आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगतो, ते तंतोतंत हेच झालं की! मग कोर्टाचा वास आला तर येऊ द्या, तो वास योग्यच आहे.

फडताळ:
हे पटलं. पाणिनीचं सूत्रच आहे, 'साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्', ज्याने साक्षात पाहिलं तो साक्षी. पण मग माझा प्रश्न असा की दोन हजार वर्षांपूर्वीचं या बाईंनी कुठे पाहिलंय?

नगरी_बोली:
त्या दोन हजार वर्षांपूर्वीचं सांगतच नाहीयेत काका. स्वतःचं सांगतायत.

शब्दखूळ:
ग्वाही का नको? तुकोबांचं 'सत्य असत्याशी मन केलें ग्वाही' सगळ्यांना पाठ आहे. फारसी गवाहवरून आलेला, साक्ष हाच मूळ अर्थ, आणि कोर्टाचा वासही नाही. गंमत म्हणजे ग्रीकमध्ये साक्षीदाराला मार्तुस म्हणतात, त्यावरूनच इंग्रजी मार्टर आला. अरबीत पण तसंच, शाहिद म्हणजे साक्षीदार आणि शहीद म्हणजे जीव देणारा, धातू एकच. दोन वेगळ्या भाषाकुळांत साक्ष देणारा आणि मरणारा हे एका शब्दात आले, आपल्याकडे मात्र साक्षीदाराचा आणि हुतात्म्याचा काही संबंध नाही, आपला हुतात्मा यज्ञातल्या आहुतीवरून आला.

कोर्टपेठ:
ग्वाहीचा अर्थ आता बदललाय हो. 'पाणी कमी पडू देणार नाही अशी मंत्र्यांनी ग्वाही दिली', म्हणजे आश्वासन. हमालाला ग्वाही दिली म्हटलं तर वाचक विचारेल कसली, नोकरीची का?

फडताळ:
शिवाय साक्ष हा संस्कृत शब्द हाताशी असताना फारसी कशाला शोधायचा.

शब्दखूळ:
मग 'नवा करार'चं काय करणार? करार अरबी आहे. पंडिता रमाबाईंसारखी संस्कृतची पंडिता, पण केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना मुद्दाम साध्या बायकांना कळेल अशी भाषा धरली. १९२२ साली त्या गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ ला निघालं, छापखान्याचं काम त्यांच्याच मुक्ती मिशन या आश्रमातल्या बायकांनी केलं. शुद्धतेचा हट्ट धरायचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता, त्यांनी धरला नाही.

वसईचा_वारा:
आमच्याकडे कॅथलिकांत साक्षपेक्षा शुभवर्तमान (चांगली बातमी, म्हणजे येशूचा संदेश) जास्त चालतं, जसं बाप्तिस्मा न म्हणता स्नानसंस्कार म्हणतात. मला वाटतं शुभवर्तमान कॅथलिक शब्द आणि सुवार्ता प्रोटेस्टंट शब्द.

नगरी_बोली:
तसं नाही. आमच्या जुन्या बायबलातच 'मत्तयकृत शुभवर्तमान' छापलंय आणि तुमच्या वसईच्या मासिकाचं नाव 'सुवार्ता' आहे.

वसईचा_वारा:
अरे हो की. घरात गठ्ठा आहे त्याचा, डोक्यातच आलं नाही.

कोरा_कागद:
मंडळी, हमाल राहिला.

नगरी_बोली:
'ला'चं सांगते. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात १:८ मध्ये येशू शिष्यांना म्हणतो, 'तुम्ही माझे साक्षी व्हाल'. म्हणजे साक्ष ख्रिस्ताची आणि ती हमालापुढे. 'एका हमालापुढे साक्ष देत होते' असं लिहा. आमच्यात 'त्याला साक्ष दिली' असंही सर्रास बोलतात, ते इंग्रजी मिशनऱ्यांच्या तोंडून आलं असावं असा माझा आपला अंदाज.

फडताळ:
'हमालापुढे साक्ष' फारच ताठ वाटतं. तो बिचारा न्यायाधीश झाला.

कोर्टपेठ:
झाला तर झाला की. ठरवायचं त्यानेच आहे ना. माणूस ऐकून नाही म्हणू शकतो, म्हणूनच तर ती साक्ष.

फडताळ:
हे सगळं ठीक, पण पुण्यात या विषयाचे शब्द कधीच नुसते शब्द नव्हते हे विसरू नका. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसकट बऱ्याच जणांवर ग्रामण्य झालं, म्हणजे धर्म बुडवला म्हणून जातीने वाळीत टाकायचा खटला, चहावरून! ग्रामण्य हा शब्द तरी आता किती जणांना माहिती असेल. तेव्हा वाचक साक्ष वाचेल आणि मनात 'बाटवणं' म्हणेल, ते अनुवादकाला टाळता येणार नाही.

नगरी_बोली:
काका, तो शब्द मी शाळेत ऐकलाय. पाचवीत डबा खाताना, "बाटगी आहे ती". मी घरी येऊन आजीला अर्थ विचारला, तिने सांगितला नाही, नुसती वेणी घालत बसली. म्हणून सांगते की वाचकाच्या मनात काय येईल ते येऊ दे, पण आपण लिहिताना त्या बाईंनी स्वतःसाठी जो शब्द निवडलाय तोच ठेवायचा. हे मी भाषेसाठी नाही म्हणत आहे.

फडताळ:
तुमचं म्हणणं मान्य. शब्द माझ्या तोंडून चुकीच्या जागी आला, वाईट वाटून घेऊ नका.

कोरा_कागद:
काल परत गेले होते त्यांच्याकडे. विचारलं, त्या हमालाशी बोलायला सुरुवात करताना नक्की काय म्हणालात? तर म्हणाल्या, "भाऊ, गाडीला वेळ आहे ना, मला एक सांगायचंय, माझंच आहे." म्हणजे त्यांनी स्वतः मराठीत बोलताना साक्षही म्हटलं नव्हतं. पण मी 'सांगत होते' लिहिलं की म्हणतात, "ते बरोबर आहे पण कमी आहे." आता यावर काय करू.

शब्दखूळ:
कमी म्हणजे नक्की काय कमी, ते विचारलंत का?

वसईचा_वारा:
मध्येच विचारतो, वर्तमान म्हणजे बातमी हा अर्थ वर्तमानपत्रात उरलाय, पण जुन्या पत्रांमध्ये 'इकडील वर्तमान' असं यायचं ना? कोणाच्या घरी मोडीतली पत्रं आहेत का?

फडताळ:
आहेत, आजोबांची. उद्या काढून बघतो.