मदत हवी आहे: चिनी वैद्यक – परवान्याचे तास भरतात, अभ्यास पुढे सरकत नाही

सुईवाली

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात परवानाधारक अ‍ॅक्युपंक्चरिस्ट आहे. मूळची सोलापूरची, त्यामुळे गावी गेलं की "म्हणजे डॉ. कोटणीसांसारखं का?" हा प्रश्न ठरलेला. (कोटणीस सर्जन होते. १९३८ साली त्यांच्याच पथकातून चीनला गेलेले डॉ. बसू पुढे पुन्हा तिकडे जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते भारतात आणलं. असो.)

इथे दर दोन वर्षांनी ५० तासांचं शिक्षण दाखवल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होत नाही. ते जमतं. शनिवारी लॅपटॉप उघडायचा, व्हिडिओ बघायचा, शेवटची प्रश्नावली सोडवायची, सर्टिफिकेट उतरवून घ्यायचं. कधी खांदेदुखी, कधी वंध्यत्व, कधी निद्रानाश, जो कोर्स स्वस्त असेल तो. आणि सोमवारी रुग्णासमोर मी तीच, बिंदूही तेच.

माझं घोडं अडलंय ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे नाडी. कॉलेजात २८ नाड्या घोकल्या, पण तारेसारखी ताणलेली 'शिएन' आणि पीळ दिलेल्या दोरासारखी 'जिन' बोटाखाली वेगळ्या लागत नाहीत. तिसऱ्या शतकात वांग शुहेंनी नाडीवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच म्हणून ठेवलंय की या नाड्या एकमेकींसारख्या भासतात, मनाला कळायला सोप्या आणि बोटाला अवघड. वाचून धीर येतो, नाडी काही कळत नाही. दुसरं, औषधी. माझे निम्मे रुग्ण साठीच्या पुढचे, प्रत्येकाच्या पिशवीत गोळ्यांची यादी, आणि त्यांच्याबरोबर कुठली चिनी औषधी चालेल ते नीट कळत नाही. तिसरं, 'शांगहान लुन' हा ताप-सर्दीच्या आजारांवरचा प्राचीन चिनी ग्रंथ मुळापासून वाचायचाय (अर्थात इंग्रजी भाषांतरातून), पण दरवेळी ताईयांगच्या, म्हणजे आजाराच्या पहिल्या टप्प्याच्या, प्रकरणातच गाडी रुतते.

एकटीने हे होईल असं वाटत नाही. अभ्यासगट कसा जमवावा? चाळिशीनंतर चिनी शिकण्यात अर्थ आहे का? आणि सुट्टीत महाराष्ट्रात आले तर कुणाच्या दवाखान्यात बसता येईल का?

मेलबर्नकर

ऑस्ट्रेलियात २०१२ पासून चिनी वैद्यकाची देशभर एकच नोंदणी आहे आणि वर्षाला २० तास लागतात. तासांचं दुखणं इकडेही तेच. मी एक केलं: वर्षाला एकच विषय. गेलं वर्ष फक्त डोकेदुखीचं होतं. कोर्स त्यातलेच, वाचन त्यातलंच, आणि डोकेदुखीच्या प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र वही. आधी निदान लिहायचं, मग सुया, आणि पुढच्या भेटीत काय झालं ते त्याच पानावर. गुण आला नाही तर तेही.

ही काही माझी अक्कल नाही. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या चुन्यु यी नावाच्या वैद्याच्या २५ रुग्णांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. त्यात दगावलेले रुग्णही आहेत. आपल्या सेमिनारमध्ये मात्र सगळेच बरे होतात!

खलबत्ता

मी फार्मासिस्ट आहे, चिनी वैद्यकातली नाही. पण ताई, नाडी थांबेल, गोळ्यांचं आधी बघा. दानशेन या चिनी मुळीमुळे वार्फरिनचा (रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा) परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. वार्फरिनवरच्या रुग्णाला मूळ डॉक्टरशी बोलल्याशिवाय ते देऊच नये. गोळ्यांची यादी पहिल्याच नाही, दर भेटीला विचारा. मधल्या काळात बदललेली असते आणि रुग्ण सांगत नाहीत.

दुसरं उदाहरण बेल्जियमचं. १९९०च्या सुमारास तिथे वजन कमी करण्याच्या औषधात 'फांगजी' नावाने भलतीच वनस्पती गेली, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली. अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. हान फांगजी आणि ग्वांग फांगजी या दोन वेगळ्या वनस्पती, पण बाजारात हाक एकच. त्यामुळे पुरवठादाराकडून लॅटिन नाव आणि तपासणीचा दाखला मागा. पन्नासातले दहा-पंधरा तास तरी औषधसुरक्षेवर घाला असं मी म्हणेन.

सुईवाली

@खलबत्ता, दाखला मागते, पण लॅटिन नाव दर वेळी ताडून बघत नव्हते. आता बघेन. वर्षाला एक विषय हेही पटलं, पण नाडीचं काय?

गोदाकाठ

मी नाशिकला आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. तुमची नाडी वेगळी, आमची वेगळी, त्यात पडत नाही. पण चरकाने आपल्या संहितेच्या विमानस्थान या भागात तद्विद्यसंभाषा सांगितली आहे, म्हणजे एकाच शास्त्राच्या जाणकारांनी एकमेकांशी बोलणं. त्यातली संधाय संभाषा, जिंकण्या-हरण्याची नसलेली, ती करा. आम्ही दोघे मित्र दर गुरुवारी एकच रुग्ण (त्याला विचारून, अर्थातच) वेगवेगळा तपासतो, न बोलता कागदावर लिहितो, मग कागद शेजारी ठेवतो. सुरुवातीला इतके फरक निघायचे की हसू यायचं. व्हिडिओवरून हे होणार नाही. गावातलाच एक सहव्यवसायी धरा, स्पर्धक असला तरी.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आणि कौन्सिल आहे. शेजारी बसून बघणं वेगळं आणि सुई हातात घेणं वेगळं. यायच्या आधी कौन्सिलला लेखी विचारून घ्या.

पोथीपान

'शांगहान लुन' पहिल्या पानापासून वाचू नका. ३९८ कलमांपैकी १७८ एकट्या ताईयांगची आहेत, तिथे कोणीही रुतेल. एक काढा धरा आणि त्याच्या मागे जा. ग्वेझी तांग घ्या: दालचिनीच्या काड्या, पांढरं शाओयाओ (पिओनीचं मूळ), ज्येष्ठमध, आलं, चिनी लाल बोरं. कुठल्या कलमात येतो, कुठे देऊ नये म्हटलंय, ते टिपा. मग शाओयाओ तीन लियांगचं (जुनं चिनी वजन) सहा केलं की तो ताप-सर्दीवरून पोटदुखीकडे वळतो. त्यातच माल्टची साखर घातली की श्याओ ज्येनझोंग तांग. असे दोन-तीन काढे झाले की ग्रंथाची रचना आपोआप दिसायला लागते.

चिनी: बोलायला शिकू नका, वेळ जाईल. औषधं, नाड्या आणि काढे यांची चिन्हं तेवढी ओळखायला शिका. भाषांतराशेजारी मूळ कलम ठेवलं की कुठे अनुवादकाने पदरचं घातलंय ते कळतं. आणि गुरू मिळाला तर सोडू नका. १९९० साली चीन सरकारनेही ५०० ज्येष्ठ वैद्य निवडून त्यांच्याजवळ शिष्य बसवले होते, विद्यापीठं असताना.

सुईवाली

सगळ्यांचे आभार. दोन चौक पलीकडे एक तैवानी बाई प्रॅक्टिस करतात, आजवर फक्त हात हलवायची ओळख. त्यांना आजच फोन केला, नाडीच्या कागदांना तयार आहेत, बुधवारी सकाळी. यंदाचा विषय साठीपुढच्या रुग्णांतली निद्रानाशाची तक्रार, म्हणजे गोळ्यांच्या याद्याही त्यातच येतील.

@पोथीपान, ग्वेझी तांगपासून वाचायला आणखी कोणी आहे का? कॅलिफोर्नियाची रविवार सकाळ म्हणजे भारतात रात्र होते. मेलबर्नकर, तुमचा तर सोमवार पहाट होईल, जमेल का?

मेलबर्नकर

पहाटे नाही हो. तुमची शनिवार दुपार करा, माझी रविवार सकाळ होते. भारतातल्यांचं मात्र कठीण आहे.