गेममधल्या कॅरेक्टरमध्ये तुमचा जीव अडकलाय का? अनुभव लिहा

तापीकाठ, जळगाव
आमच्या ग्रुपवर हे विचारलं तर सगळे फिदीफिदी हसले, म्हणून धागा काढतोय. माझा अनुभव आधी.
रेड डेड रिडेम्प्शन २. स्पॉइलर म्हणून ओरडू नका, गेम २०१८ चा आहे. त्यातल्या हिरोला, आर्थर मॉर्गनला, टीबी होतो तेव्हा वाईट वाटलंच, पण मी खरा रडलो घोड्यासाठी. त्याला खरारा करायचा, खायला द्यायचं, मान थोपटायची, मग तो हळूहळू आपला होतो आणि गोळीबारात आधीसारखा बुजत नाही. मी त्याचं नाव सर्जा ठेवलं होतं, आमच्या विकलेल्या बैलाचं. शेवटी तो गोळी लागून पडतो, पळायची घाई असतानाही आर्थर त्याच्याजवळ बसतो आणि थँक यू म्हणतो. मागे खाटेवर आबा बघत होते, म्हणे, "मरी गया का रे तो?" हो म्हटलं. तर म्हणे, "नाव सर्जा ठेवाले नको व्हतं."

भुसावळी पोट्टा
माझा सीजे, जीटीए सॅन अँड्रियासचा हिरो, २००४ चा गेम. आमच्याकडे पीसी नव्हता, स्टेशनजवळच्या कॅफेत तासावर खेळायचो आणि सेव्ह फाइल सगळ्यांची एकच. मी त्याला रोज जिममध्ये नेऊन बॉडी बनवली, केस कापले, चांगले कपडे घेतले, आणि एके दिवशी जाऊन बघतो तर कोणीतरी त्याला बर्गर चारून चारून ढोल्या करून ठेवलेला, पळताना धापा टाकी राहिला बिचारा! मिशन गेलं खड्ड्यात, आधी त्याला सायकलवर बसवून गावभर फिरवला. तो कोण होता ते कळलं नाही भो, पण राग अजून आहे 😄

धुळ्याची ताई
लॉकडाऊनमध्ये मी आणि माझा सुरतचा भाऊ पबजी खेळायचो. तो फोनवर फार बोलणारा नाही, पण गेममध्ये "ताई मागे बघ, ताई बँडेज घे" चालूच. २ सप्टेंबर २०२० ला बंदी जाहीर झाली, ३० ऑक्टोबरला सर्व्हरच बंद झाले. शेवटी शेवटी आम्ही कोणाला मारायचोच नाही, गाडी घेऊन नुसते फिरायचो. २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचंच भारतातलं रूप, आलं तेव्हा जुना डेटा आणता येत होता, मी माझी गेममधली बाई तिच्या पिवळ्या ड्रेससकट आणली. भावाने आणलाच नाही, दुकान आणि लेकरू यात वेळ कुठे त्याला. आता पोचिंकीत, म्हणजे गेममधल्या त्या गावात, अनोळखी पोरांबरोबर उतरते, ती मला न विचारता आधी बंदूक उचलतात.

चोपड्याची सून
हसाल, पण माझं फार्मव्हिल, तो फेसबुकवरचा शेतीचा गेम. वेळेवर कापलं नाही की पीक वाळायचं, म्हणून मी रात्री अलार्म लावून उठायची, आणि आमचे हे त्याच वेळी खऱ्या शेतात पाणी भरायला, कारण लाईट रात्रीचीच. ते म्हणायचे दोन्हीकडची शेती बिनपगारी. ३१ डिसेंबर २०२० ला फेसबुकवरचं ते कायमचं बंद झालं, माझ्या गायींसकट. कापसाच्या भावाचं दुःख वेगळं, पण त्या गुलाबी गायीचं वाईट वाटलंच की.

केळीवाला, रावेर
मला यातलं काही होत नाही. मारियो खड्ड्यात पडला तर दुसरा येतो, रडायचं काय त्यात?

तापीकाठ, जळगाव
@केळीवाला, सगळे लाइफ संपल्यावर बोला भाऊ.