मदत हवी आहे: अब्बा-अम्मींच्या उमराहसाठी बॅगा कशा भरू? (मुंबई–जेद्दा विमान)

धागाकर्ती

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

अब्बा (७१) आणि अम्मी (६६) पुढच्या महिन्यात उमराहला (मक्केची छोटी यात्रा, हजसारखी ठरावीक दिवसांतली नाही) निघतायत. टूरवाल्याचा ग्रुप आहे. मुंबई ते जेद्दा थेट विमान, आधी मक्का, मग मदिना, परतीचं विमान पुन्हा जेद्दाहून. मी पुण्यात, ते खेडला. शनिवारी जाऊन बॅगा भरायच्यात, पण फोनवर आत्तापासूनच रोज वाद चाललाय.

तिकिटावर माणशी २३ किलोची एक बॅग आणि हातात ७ किलो एवढंच आहे. अब्बांच्या डोक्यात मात्र आजोबांची हज. ते मुंबईहून जहाजाने गेले होते, पत्र्याची पेटी, स्टोव्ह, तांदूळ, कांदे असं सगळं घेऊन. जहाजं १९९५ला बंद झाली, यादी तीच राहिली! सध्या पडवीत जमलेला ढीग असा: तांदळाचं पीठ, घरचा मसाला, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, लोणच्याची बरणी, सुका जवळा (यावर अम्मीने आधीच फुली मारलीय), झमझममध्ये (मक्केच्या विहिरीचं पवित्र पाणी) भिजवून आणायला कफनाचं कापड, आणि हे सगळं आवळायला सुतळीचं एक बंडल.

मला मुख्य अडचण आहे ती काय हातात ठेवायचं आणि काय मोठ्या बॅगेत टाकायचं याची. एहराम (अब्बांची यात्रेची दोन न शिवलेली पांढरी कापडं) कुठे? अम्मीला शुगर आहे, इन्सुलिनचं पेन घेते, शिवाय पायांना मुंग्या येतात त्याच्या गोळ्या. त्या कशा न्यायच्या? खाण्यातलं काय चालेल? आणि झमझमसाठी येताना बॅगेत किती जागा सोडू?

दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास. जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा.

मुंब्रेकर

वालेकुम सलाम ताई. एहराम हातातल्या बॅगेतसुद्धा नको, अब्बांच्या अंगावरच असू दे. जेद्दाला उतरण्याआधी विमान मीकात (यात्रेकरूंसाठी ठरलेली हद्द) ओलांडतं, आणि उमराहची नियत म्हणजे संकल्प करून निघालेल्याने त्याआधी एहरामात असायला हवं. तसंच पुढे गेलं तर मागे जाऊन यावं लागतं, नाहीतर दम, म्हणजे भरपाईची कुर्बानी द्यावी लागते. एहराम विमानाच्या पोटातल्या सामानात गेला की वर आकाशात काही करता येत नाही. विमानाच्या त्या एवढ्याशा संडासात सत्तरीच्या माणसाने दोन चादरी गुंडाळणं म्हणजे पडायलाच निमंत्रण.

आमच्याकडे अशी पद्धत: घरी गुसल (अंघोळ) करायचं, विमानतळावर नाहीतर निघतानाच कापड गुंडाळायचं, पण नियत आणि तलबिया (‘लब्बैक’ म्हणणं) मीकात जवळ आल्यावर. बऱ्याच विमानांत तशी घोषणा होते. नुसतं कापड गुंडाळलं म्हणून एहराम सुरू होत नाही, त्यामुळे निघताना कुणी हार घातला, अत्तर लावलं तरी जीव खालीवर करू नका. तरी बारीक मसले आपल्या जमातीच्या मौलानांना विचारा. कोकणात आपण बहुतेक शाफई पंथाचे, टूरवाल्याचे मौलाना हनफी पंथाचे असले तर सूचना थोड्या वेगळ्या ऐकू येतील आणि अब्बा गोंधळतील.

एक व्यवहाराची गोष्ट कुणी सांगत नाही. सिक्युरिटीला कमरेचा पट्टा काढायला लावतात. खालचं कापड नुसतं पट्ट्याच्या भरवशावर असेल तर पंचाईत. घरी दोन-तीनदा लुंगीसारखं घट्ट खोचायचा सराव करून घ्या. पायात साधी रबरी चप्पल, बुटांची जोडी मोठ्या बॅगेत.

जेद्दारिटर्न

नोकरीनिमित्त तिथे राहिलो आहे म्हणून लिहितो.

आधी सुतळी परत दुकानात द्या. जेद्दा विमानतळावर दोरीने आवळलेल्या बॅगा, कापडाची गाठोडी, गोल किंवा वेड्यावाकड्या आकाराचं सामान घेत नाहीत. जाताना मुंबईत चाललं तरी येताना काउंटरवर सगळं सोडून पुन्हा भरावं लागेल. सरळ बाजूंची चाकाची बॅग घ्या. ग्रुपमध्ये टूरवाल्याने दिलेल्या सगळ्या बॅगा सारख्याच दिसतात, तेव्हा मुठीला रंगीत चिंधी शिवून टाका आणि नाव, फोन, हॉटेलचा पत्ता आत आणि बाहेर दोन्हीकडे लिहा.

झमझमसाठी बॅगेत जागा अजिबात सोडू नका. चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या मोठ्या बॅगेत झमझम न्यायला सौदीत बंदी आहे. स्कॅनरमध्ये बाटली दिसली की बॅग उघडतात. विमानतळावर ५ लिटरचं सीलबंद खोकं विकत मिळतं, माणशी एक, ते बॅगेपासून वेगळं जमा होतं. फक्त तुमची विमान कंपनी ते वजनात धरते की नाही हे आधी विचारा, प्रत्येकीचं वेगळं असतं. कफनाचं कापड खुशाल न्या, पण आणताना पूर्ण वाळवून. ओलं कापड दुप्पट जड होतं.

जाताना दोन्ही बॅगा १५-१६ किलोंवर थांबवा. मदिनेच्या खजुरांपुढे कुणाचाच हात आवरत नाही.

गोळीवाली (फार्मासिस्ट आहे)

ताई, बाकी सगळं नंतर, आधी अम्मींच्या मुंग्यांच्या गोळीची पट्टी उलटून बघा. त्यात प्रेगाबालिन लिहिलंय का? आपल्याकडे शुगरच्या पेशंटला मिथाइलकोबालामिनबरोबर ती सर्रास देतात, ब्रँड ढीगभर आहेत, त्यामुळे घरच्यांना नावच माहीत नसतं. सौदीत ती नियंत्रित औषधांत मोडते. ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम यांचंही तसंच. अशी औषधं न्यायची तर सौदीच्या अन्न व औषध प्राधिकरणाकडून ऑनलाइन परवानगी निघण्याआधी घ्यावी लागते. नाहीतर डॉक्टरांना भेटून दुसरा पर्याय मागा. गोळी मनाने एकदम बंद करू नका, त्रास होतो.

कुठलंही औषध डब्यात सुटं नको. मूळ पट्टी, मुक्कामापुरता साठा आणि थोडा जास्तीचा, औषधाचं मूळ नाव लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, खालच्या सामानात गोठण्याची भीती असते आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. सुया असल्यामुळे डॉक्टरांचं पत्र वरच्या कप्प्यात ठेवा.

मेनिन्जायटिसची लस झाली ना? ती पोचण्याच्या निदान १० दिवस आधी हवी. दाखला पासपोर्टबरोबर ठेवा.

धागाकर्ती

आत्ता अम्मीला फोन करून पट्टीवरचं वाचून घेतलं. प्रेगाबालिन ७५! चिपळूणच्या डॉक्टरांची वेळ उद्याची घेतलीय. गोळीवाली ताई, अल्लाह तुमचं भलं करो. लस झालीय, दाखला मात्र शोधावा लागेल.

मसाल्याचं सांगा ना कुणीतरी. अब्बा म्हणतात मसाला नाही तर जेवण नाही.

खाडीपट्टा

मसाल्यात खसखस आहे का ते बघा. कोकणातल्या घरच्या मसाल्यात बहुतेक असतेच. सौदीत खसखस बंद आहे, अफूच्या बोंडातली म्हणून. दळलेल्या मसाल्यात ती वेगळी काढून दाखवता येत नाही, वाद कुणाशी घालणार? फारच हट्ट असेल तर नुसतं मिरची-धण्याचं तिखट वेगळं दळून छोट्या पाकिटात द्या.

सुकं खोबरंही चेक-इनमध्ये चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून. पीठ कशाला? हॉटेलात भाकरी थापणार कोण? ग्रुपला दोन वेळचं जेवण असतं. लाडू, चिवडा, खाकरे द्या, पहाटे हरममधून (मोठ्या मशिदीतून) आल्यावर भूक लागते तेव्हा तेच कामी येतं. लोणचं दोन पिशव्यांत पक्कं बांधून मोठ्या बॅगेत, हातात नको. गुटखा-तंबाखूचं काही असेल तर इथेच सोडा.

मिरजकर

आमचे वालिद आधी मदिनेला उतरणार आहेत. मग एहराम कुठे?

मुंब्रेकर

मग मोठ्या बॅगेत चालेल. मदिनेहून मक्केला निघताना वाटेत जुल-हुलैफा लागतं, अब्यार अली म्हणतात, एहराम तिथे बांधतात. जाताना साध्या कपड्यांत जाऊ द्या.

आणि ताई, बिनवासाचं व्हॅसलीन नक्की द्या. तवाफ (काबाभोवतीच्या फेऱ्या) झाला की सई असते, सफा-मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्या, त्यातच तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं. एहरामात आत काही शिवलेलं नसतं, मांड्या घासून सोलवटतात. सत्तरीचा माणूस लाजेने सांगत नाही, दुसऱ्या दिवशी नुसता बसून राहतो. छोटी डबी हातात, १०० मिलीच्या आत. साबणही बिनवासाचा. केस कापायची छोटी कात्री मात्र मोठ्या बॅगेत.

धागाकर्ती

व्हॅसलीनचं अब्बांना मी कसं सांगू? भावाकडून सांगवते. शेवटचं एक, दोघांचे फोन तिथे चार्ज होतील ना? पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे.

जेद्दारिटर्न

पॉवर बँक हातातच, चेक-इनमध्ये टाकली तर बॅग अडवतात. २०,००० चालते, मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. तिथलं सॉकेट तीन चपट्या पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं. आपला चार्जर बसत नाही, अडॅप्टर इथूनच दोन घेऊन द्या.