ज्येष्ठांना घेऊन तंजावर-कुंभकोणम: निवांत सहलीचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. आई ७४, बाबा ७९ आणि मावशी ७१. तिघांना घेऊन जानेवारीत तंजावरकडे जायचं घाटतंय. बाबांना इतिहास हवा, मावशीला देवळं हवीत, आणि आईला "तिकडचं नीट, बसून जेवायला" हवंय. हाताशी सहा दिवस आहेत. एका टूरवाल्यांची पत्रिका आणली होती. तिच्यात सहा दिवसांत मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, आणि तंजावर "वाटेत". बाबांनी ती नीट वाचली, घडी घातली आणि चहाच्या कपाखाली ठेवली. विषय संपला.

तर ज्यांनी आपल्या घरच्या ज्येष्ठांना तिकडे नेलंय, किंवा जे स्वतः ज्येष्ठ आहेत, त्यांनी लिहा. वेळापत्रकं नकोत, ती माझ्याकडे खंडीभर आहेत. काय जमलं आणि काय फसलं, ते सांगा.

*

आधी फसलेलं सांगते. तिकडची मोठी देवळं दुपारी बंद होतात. तंजावरचं बृहदीश्वर साधारण साडेबाराला मिटतं ते चारला उघडतं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण "पोचू की" या भरवशावर सव्वाबाराला दारात. चपला बाहेर, फरशी तव्यासारखी. साबा (सासूबाई) पळत सुटल्या, वय ७६, गुडघे दोन्ही तक्रारीचे. साबु (सासरे) सावलीच्या एका पट्टीवर उभे राहिले ते हलेचनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गेलो. वारा होता, गर्दी नव्हती, दगड गार. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं देऊळ, विमान (गाभाऱ्यावरचं शिखर) जवळपास ६६ मीटर उंच. साबुंना मान वर केली की गरगरतं. म्हणून कडेच्या ओवरीत बसलो आणि लांबूनच पाहिलं. खरं सांगायचं तर लांबूनच ते पुरतं दिसतं. पायथ्याशी उभं राहून नुसता दगड दिसतो. तासभर बसलो. कोवळं ऊन शिखरावरून खाली उतरताना साबु एकच वाक्य बोलले, "काल उगाच आलो."

त्यानंतर सगळे दिवस तसेच ठेवले. सकाळी एक ठिकाण, साडेअकराला जेवण, मग झोप, साडेचारला दुसरं ठिकाण. दुपारी देऊळ बंद म्हणून आम्ही आधी चडफडलो होतो, पण म्हाताऱ्या माणसांना दुपारी तसंही आडवं व्हायचं असतं. गावाचं घड्याळ त्यांच्या घड्याळाशी जुळलेलंच आहे, आपणच मध्ये गडबड करतो.

*

वरच्या ताईंना +१. त्याच देवळात मागच्या अंगाला भिंतीवर मराठी शिलालेख आहे, तो चुकवू नका. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरवून घेतला. मराठीतल्या सर्वात लांब शिलालेखांत त्याची गणना होते.

माझे वडील तलाठी कार्यालयातून निवृत्त. जुने दस्त वाचण्यात आयुष्य गेलं. अलीकडे ऐकू कमी येतं, त्यामुळे सहलीत कोणी माहिती सांगायला लागलं की ते बाजूला जाऊन उभे राहतात. आम्हाला वाटायचं कंटाळलेत. इथे मात्र भिंतीला नाक लावून वाचायला लागले. एक ओळ, मग बोटाने पुढची. मध्येच एखादं नाव मोठ्याने म्हणायचे. दहा मिनिटांनी मागे दोनचार माणसं जमली, त्यातलं एक तमिळ कुटुंब. त्यांच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, यांना हे वाचता येतं? मी वडिलांच्या कानाशी जाऊन प्रश्न ओरडलो. ते म्हणाले, "हो, आपलंच आहे की."

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिकडे गेले आणि १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी भोसल्यांकडे आली, ती १८५५ पर्यंत. शाळेत हे एका ओळीत संपलं होतं. पुढच्या दिवशी राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं. तिथलं छोटं संग्रहालय बघून होतं, हस्तलिखितं काचेआड असतात. मोडी कागद दिसल्यावर वडिलांना तिथून हलवणं अवघड झालं. त्याच आवारात चोळांचे ब्राँझचे पुतळे असलेलं कलादालनही आहे, ते आम्ही धावत उरकलं. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. आणि राजवाड्यातल्या मनोऱ्यांचे जिने सोडून द्या. अरुंद, उंच पायऱ्या. मी चढलो, वडील खाली कागदांबद्दल पहारेकऱ्याशी बोलत बसले. पहारेकऱ्याला मराठी येत नव्हतं, यांना ऐकू येत नव्हतं. दोघंही खूश होते.

*

मी स्वतः ७२ वर्षांची आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते.

मुलांनो, दर दहा मिनिटांनी "आई, दमलीस का?" विचारू नका. दमले की मी सांगते. न दमता नुसतं विचारल्यानेच दमायला होतं.

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला मुरुगनच्या (कार्तिकेयाच्या) देवळाला ६० पायऱ्या आहेत, तमिळ साठ संवत्सरांच्या. माझ्या मुलाने आदल्या रात्रीच ठरवलं की आई खाली गाडीत बसेल. मला विचारलं नाही. मी दहा पायऱ्या, मग थांबणं, दहा पायऱ्या, मग थांबणं, असं करत वर गेले. हवं तर मी नाही म्हटलं असतं, पण ते मी म्हणायचं होतं. सून माझ्याबरोबर थांबत थांबत आली, मुलगा वर जाऊन दोनदा खाली येऊन गेला, घाम त्यालाच जास्त आला.

त्याच गावात मेणाच्या साच्यातून पंचधातूच्या मूर्ती ओततात. आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या मातीचा लेप, मग तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू. म्हणजे एका मूर्तीला एकच साचा, तो फोडला की संपला. आम्हाला त्या कारागिरांनी बसायला स्टूल दिलं. अख्ख्या सहलीत मला स्टूल देणारे ते पहिलेच. अर्धा तास मी तिथेच बसले, आणि तेच मला सगळ्यात जास्त आठवतं.

तुमच्या यादीत देवळांच्या शेजारी बसायच्या जागा आणि स्वच्छतागृहं लिहून काढा. हे बोलायला लाजतात, पण ७० नंतर पाणी कमी पिण्याचं कारण तेच असतं. मग उन्हात भोवळ येते आणि सगळे म्हणतात, झेपलं नाही.

*

धाग्यातल्या आईंना "नीट, बसून जेवायला" हवंय ना, त्यांच्यासाठी. नवऱ्याला मधुमेह, वय ६९. तिकडे दुपारी केळीच्या पानावर जेवण म्हणजे भात. सांबाराचा भात, मग रसमचा भात, मग ताकाचा किंवा दह्याचा भात. वाढणारा समोरून बादली घेऊन येतो आणि आपण "थोडंच" म्हणेपर्यंत डोंगर झालेला असतो. शब्द शिका: पोदुम. म्हणजे पुरे. आणि म्हणताना पानावर हात आडवा धरा, नुसत्या शब्दाला ते दाद देत नाहीत. जेवण झालं की पानाचा वरचा भाग आपल्याकडे दुमडायचा.

आम्ही मग असं केलं: भाज्या, कूटु (डाळ घातलेली भाजी), पोरियल (कोरडी भाजी) आधी पोटभर, आणि भात शेवटी एकदाच, रसमबरोबर. यांची साखर घरच्यापेक्षा फार वर गेली नाही. लहान गावांत दुपारी इडली-डोसा मागू नका, ते सकाळी आणि संध्याकाळी. रात्री मात्र इडली म्हणजे वयस्कर पोटाला वरदान. कुंभकोणमला तिच्याबरोबर "कडप्पा" मिळाला तर घ्या, मूगडाळ-बटाट्याचा पातळसर प्रकार, मऊ. कवळी असणाऱ्यांनासुद्धा चालतो.

तिखट कमी हवं तर "कारम कम्मी". कॉफी बिनसाखरेची हवी तर "सक्करै इल्लामल", आणि हे कॉफी करायला घेण्याआधी सांगायचं, कारण पितळी दवरा-टंबलर (वाटी आणि पेला) समोर येतो तेव्हा साखर आतच असते. तंजावरजवळच्या तिरुवैयारुचा अशोका हलवा मूगडाळीचा असतो, डाळीचा म्हणून पथ्याचा नव्हे. आमच्याकडे हा वाद झाला होता.

अवांतर: सांबार तंजावरच्या मराठी दरबारात जन्मलं अशी कथा तिकडे सगळे सांगतात, आमसुलं संपली म्हणून चिंच घातली वगैरे. खरं-खोटं कोणास ठाऊक, पण माझ्या सासूबाईंनी ती ऐकल्यापासून घरी सांबार करताना एक वेगळाच तोरा असतो.

*

रेल्वेचं एक. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर लागतो. पुरुष ६० आणि बायका ४५ पासून. तुम्ही तिघांना आणि स्वतःला एकाच तिकिटावर घातलंत तर तो लागत नाही. दोघांचं वेगळं काढा. विमानाने जाणार असाल तर तिरुची विमानतळापासून तंजावर रस्त्याने तासा-सव्वातासावर आहे. चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच टाका, काउंटरवर जाऊन नको.

*

मे महिन्यात गेलो. नका जाऊ. बस्स.

*

आम्ही नवग्रह केले. कुंभकोणमच्या आसपासची नऊ देवळं एका दिवसात, असं सगळेच विकतात. पहाटे चारला निघालो, रात्री दहाला परत. आईला पाचव्या ग्रहापासून पुढचं काही आठवत नाही. फोटो दाखवले की विचारते, हे कुठलं? मी सांगतो, शनी असावा. मलाही खात्री नाही.

त्या दिवशी थोडा वेळ दारासुरमला काढला असता तर बरं झालं असतं, असं पुढच्या खेपेला कळलं. कुंभकोणमपासून ४ किलोमीटर. बाराव्या शतकातलं देऊळ, दुसऱ्या राजराज चोळाचं. तंजावरला मान वर करावी लागते, इथे नाही. कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीला, काही तर कमरेच्या. चाकं आणि घोडे लावलेला मंडप रथासारखा. एका ठिकाणी हत्ती आणि बैल यांचं डोकं एकच आहे. अर्धं झाकलं की हत्ती, दुसरं अर्धं झाकलं की बैल. आईने तो खेळ पाच वेळा केला, मग येणाऱ्याजाणाऱ्याला करून दाखवला.

*

जानेवारी म्हणताय तर तारखा तपासा. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची आराधना (पुण्यतिथीचा उत्सव) असते. १८४७ मध्ये कावेरीकाठी त्यांनी देह ठेवला, तिथेच समाधी. शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच रचना, पंचरत्न कृती, गातात. माझ्या आत्याने आयुष्यभर रेडिओवर ऐकलेलं, तिच्यासाठी गेलो. सकाळी मांडवात जमिनीवर बसावं लागतं, आणि तिला खाली बसता येत नाही. आम्ही घडीची खुर्ची नेली आणि कडेला, खांबापाशी बसलो. दिसलं काही नाही. ऐकू सगळं आलं. शेजारच्या तमिळ आजी मांडीवर ताल धरत होत्या, पाचव्या कृतीला आत्याचा हात त्यांच्या हातावर ताल देत होता. एकमेकींची भाषा येत नव्हती.

मात्र त्या आठवड्यात तंजावरला खोल्यांची मारामार असते. आम्हाला जी मिळाली तिच्या न्हाणीघराला उंबरठा होता, चांगला वीतभर, आणि आतली फरशी गुळगुळीत. आत्या पहिल्याच रात्री घसरली. हाड वाचलं, सहल वाचली, पण पुढचे दिवस मी तिच्याआधी आत जाऊन फरशी पुसत होते. आता खोली ठरवताना न्हाणीघराचा फोटो मागवते. हॉटेलवाले चक्रावतात, पाठवतात.

*

धागाकर्ती. जाऊन आलो. वाचनखुणा साठवणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

चार रात्री तंजावर, एक कुंभकोणम. दोन लोअर बर्थ मिळाले, तिसरा मावशीला एका कॉलेजच्या मुलाने दिला. देवळं एकूण चार झाली. मावशी पहिल्या दिवशी फुगली होती, तिच्याकडे बारांची यादी होती. मग कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं देऊळ पाहिलं आणि भर तमिळ मुलखात अभंग ऐकले, तेव्हा फुगा उतरला.

बाबांनी शिलालेख वाचला नाही. एवढं सगळं वाचून मी त्यांना भिंतीपाशी नेलं, चष्मा दिला, आणि ते म्हणाले, "अक्षर बारीक आहे, तू वाच." मी अडखळत चार ओळी वाचल्या. ते माझे उच्चार सुधारत बसले. फणसाच्या लाकडातून वीणा घडवणाऱ्याकडे मात्र ते दोन दुपारी गेले. झोप टाळून. मी काही बोलले नाही, वरच्या ७२ वर्षांच्या ताई आठवल्या.

दमलीस का, असं मी आईला तीनदाच विचारलं.

आई दवरा-टंबलरचे चार जोड घेऊन आलीय, पिशवीत औषधांपेक्षा पितळ जास्त होतं. रोज सकाळी उंचावरून ओतून कॉफी करते. निम्मी ओट्यावर जाते आणि फेस तसा येत नाही. तिचं म्हणणं दूध बरोबर नाही. कालपासून गवळी बदललाय.