१ डिसेंबरपासून पहिली ते चौथी : द्विशिक्षकी शाळेत सुरुवात नेमकी कुठून करावी?

डोंगरपट्ट्यातील शिक्षिका (२७ नोव्हेंबर २०२१)

नमस्कार. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी मुख्याध्यापिकेचा कार्यभार सांभाळते. ग्रामीण भागात पहिली ते चौथी आणि शहरांत पहिली ते सातवीचे वर्ग १ डिसेंबरपासून भरवण्याचा निर्णय परवा, २५ तारखेला मंत्रिमंडळाने घेतला. पाचवीपासून पुढचे वर्ग गेल्या जानेवारीत आणि पुन्हा या ऑक्टोबरमध्ये उघडले, परंतु आमची मुले कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० नंतर एकदाही रीतसर वर्गात बसलेली नाहीत. म्हणजे आज जी मुले चौथीच्या पटावर आहेत त्यांनी शाळा सोडली तेव्हा त्यांची दुसरी संपत आली होती, तिसरीतली मुले पहिलीच्या अखेरीस होती, आणि दुसरीतल्या मुलांनी तर अंगणवाडीतून थेट दुसरीच्या हजेरीपटावर उडी घेतली आहे. पहिलीविषयी वेगळे सांगायला नको.

पट ४१ आहे. त्यांपैकी १२ मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. एरवी आजीआजोबांच्या भरवशावर यांतली काही मुले गावात राहत असत, पण शाळाच बंद असल्यामुळे यंदा त्यांना मागे ठेवण्याचे कारण कोणाला उरले नव्हते. राहिलेल्या २९ मुलांसाठी दोन खोल्या, एक व्हरांडा आणि आम्ही दोघे शिक्षक आहोत.

मोबाइलवरच्या अभ्यासाचे काय झाले, हे येथील शिक्षकांना ठाऊकच आहे. रोजच्या अभ्यासाचा दुवा (लिंक) पालकांच्या मोबाइल गटावर पडत असे, पण फोन वडिलांच्या खिशात आणि वडील कामावर. जुलैतला पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आम्ही पारावर आणि ओट्यावर जमेल तसा घेतला. तेव्हा तिसरीतल्या एका मुलीने पुस्तकातली कविता खडखडीत वाचून दाखवली, आणि मला बरे वाटणार तोच लक्षात आले की तिचे बोट भलत्याच ओळीवर आहे. कविता दूरदर्शनवर ऐकून तिला पाठ झाली होती. त्यातला एक सुटा शब्द पाटीवर लिहून दिला तेव्हा तिला पहिल्या अक्षरापुढे जाता आले नाही.

माझा प्रश्न असा आहे की पहिल्या दिवसापासून त्या त्या इयत्तेचे पाठ्यपुस्तक उघडावे, की ते बाजूला ठेवून मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवावे? दुसरे म्हणजे, मुलांना शाळेत पाठवण्याची संमतीपत्रे द्यायला काही घरांतील आज्या तयार नाहीत. त्यांना काय सांगावे?

निवृत्त केंद्रप्रमुख (२७ नोव्हेंबर २०२१)

मॅडम, पुस्तक बंद ठेवा, असे मी स्पष्ट सांगतो. इयत्ता हा सध्या केवळ हजेरीपटावरचा आकडा आहे. चौथीच्या पुस्तकातला पाठ चौथीतल्या मुलापुढे ठेवला आणि त्याला जोडाक्षर वाचता येत नसेल, तर ते मूल आठवडाभरात गप्प बसायला शिकेल आणि महिनाभरात शाळेला दांडी मारायला लागेल. इतक्या काळानंतर उघडलेल्या शाळेत एखादे मूल असे गमावले तर ते परत मिळवणे फार अवघड जाते.

पहिले दोन-तीन दिवस प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवा. लेखी चाचणी घेऊ नका. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद या चार पायऱ्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या गुणवत्ता कार्यक्रमाच्या काळापासून आपल्या सगळ्यांच्या हाताखालच्या आहेत. त्यांवरून मूल कुठे अडते ते पाहा आणि वहीत तारखेसह टिपून ठेवा. वाचायला देताना पाठ्यपुस्तकातला मजकूर देऊ नका, त्याचे कारण तुम्हीच लिहिले आहे. गावातल्या माणसांची, जनावरांची, बाजाराची चार वाक्ये स्वतः लिहा. गणितात तीनशे पाच अंकांत लिहायला सांगा. निम्मी मुले ३००५ लिहितील, आणि ज्याला स्थानिक किंमत उमगलेली नाही त्याला हातच्याची बेरीज शिकवण्यात अर्थ नाही, हे तिथेच ठरेल.

गट दोनच करा, कारण शिक्षक दोनच आहेत. जी मुले अजून शब्दापर्यंत पोहोचलेली नाहीत ती एका खोलीत आणि जी वाक्य कसेबसे वाचतात ती दुसऱ्या खोलीत. पहिलीची मुले पहिल्या गटात येतीलच, मात्र चौथीतला एखादा थोराड मुलगाही त्याच खोलीत येईल. त्याला पाट्या-खडू वाटण्याचे, लहानग्यांना नळावर हात धुवायला नेण्याचे काम द्या, म्हणजे तो तिथे का बसला आहे याची चर्चा होणार नाही. भाषा आणि गणितासाठी ही बैठक ठेवा. गाणी, चित्रे आणि परिसर अभ्यासाला आपापल्या इयत्तेत बसू द्या.

वेळेचे म्हणाल तर तीन-साडेतीन तास पुष्कळ झाले. यंदा एसटीचा संप चालू आहे, तेव्हा तालुक्याहून येणारा शिक्षक वेळेवर पोहोचेल असे धरून वेळापत्रक करू नका. कुलपाची एक किल्ली शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असू द्या. साबण, मास्क आणि नळाच्या तोट्यांसाठी सादिल (किरकोळ खर्चाच्या) अनुदानाची वाट पाहत बसू नका, ग्रामसेवकांना भेटा. जुलैमध्ये कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडायचे ठरले तेव्हा सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या होत्या. ती माणसे अजून गावातच आहेत आणि त्यांना या कामाची माहिती आहे.

शहरातील पालक (२८ नोव्हेंबर २०२१)

वरील सल्ला उत्तम आहे, पण आज्यांच्या प्रश्नाला तो स्पर्श करत नाही, म्हणून लिहितो. माझा मुलगा पुण्यात दुसरीत आहे आणि त्याने शाळेचा वर्ग आतून पाहिलेला नाही. शाळा उघडाव्यात असे मलाही वाटते. तरीही संमतीपत्राचा मसुदा हातात आला तेव्हा मी तो सही न करता बाजूला ठेवला, कारण त्यात पाल्य आजारी पडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, एवढेच तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिले होते. खिडक्या उघड्या राहतील का, वर्गात एका वेळी किती मुले असतील, शिक्षकांच्या लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत का, एखादे मूल तापाने फणफणले तर पुढे काय करणार, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. संमती मागणाऱ्याने आधी स्वतःची बाजू सांगावी, ही अपेक्षा गैर नसावी.

दुसरे असे की उपस्थिती सक्तीची नाही असे सांगायचे आणि न येणाऱ्या मुलाला घरी काहीही पाठवायचे नाही, म्हणजे सक्तीच झाली. आमच्या घरी सासऱ्यांचे डायलिसिस चालू आहे. अशा घरातले मूल दोन आठवडे थांबले तर त्याचा अभ्यास कोण घेणार? जो शिक्षक सकाळभर वर्गात शिकवतो त्याने दुपारी पुन्हा मोबाइलवर शिकवावे, असे म्हणायलाही जीभ रेटत नाही. पण मग यातून वाट काय?

ग्रामीण डॉक्टर (२८ नोव्हेंबर २०२१)

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. आज्यांना काय सांगावे, या प्रश्नाचे उत्तर माझ्या बाजूने देतो.

धोका शून्य आहे असे कृपया कोणीही सांगू नये. मात्र मूल घरात आहे म्हणजे ते विषाणूपासून दूर आहे, हा समज खरा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या चौथ्या देशव्यापी रक्तद्रव पाहणीत ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आढळली. तेव्हा देशातल्या बहुतेक प्राथमिक शाळांना टाळे होते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना शाळेत न जाताच संसर्ग होऊन गेला होता, आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी तो कळलाही नाही. या वयात आजार सहसा सौम्य राहतो. याच कारणाने, शाळा उघडायच्या असतील तर प्राथमिक वर्ग आधी उघडावेत, असे परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी जुलैमध्ये म्हटले होते. आपल्याकडे क्रम नेमका उलटा लागला. त्यामागे मोठ्या मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा आणि लहान मुले मास्क सांभाळणार नाहीत ही धास्ती असावी, असा माझा अंदाज आहे.

आजीला माझे एवढेच सांगणे असते की नातवाला घरी ठेवण्यापेक्षा तुमच्या दोन मात्रा पूर्ण होणे तुमच्यासाठी अधिक मोलाचे आहे. मॅडम, ज्या घरांतून संमती आलेली नाही त्या घरांतील ज्येष्ठांची यादी आशाताईंकडे द्या. लसीकरणाचे सत्र शाळेच्याच आवारात ठेवता येते. ज्या घरी डायलिसिस, कर्करोगाचे उपचार किंवा तत्सम आजार आहे, तिथे मात्र पालकांनी थांबायचे ठरवले तर आग्रह करू नये.

आता शाळेतल्या व्यवस्थेविषयी. शाळांचा बराचसा पैसा आणि उत्साह फवारणीवर खर्च होताना दिसतो. हा आजार मुख्यतः बंद जागेतल्या हवेतून पसरतो, तेव्हा बाक पुसण्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघडणे महत्त्वाचे आहे. गंजून बसलेल्या खिट्ट्या उघडून घ्या, कपाटांनी झाकलेल्या खिडक्या मोकळ्या करा. व्हरांडा आणि झाडाखालची जागा आधी वापरा, खोली नंतर. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हाती सॅनिटायझरची बाटली देऊ नका, साबण-पाणी पुरते. थर्मल गनवर फार विसंबू नका. उन्हातून चालत आलेल्या मुलाचे कपाळ तापलेले दाखवते आणि ताप उतरण्याचे औषध घेऊन आलेला विद्यार्थी त्यातून सहज सुटतो. त्यापेक्षा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून ‘जेवलास का, रात्री झोप लागली का’ एवढे विचारा.

ताप, खोकला, जुलाब असलेले मूल घरी राहील आणि त्याची गैरहजेरी धरली जाणार नाही, हे पालकांना लेखी कळवा. पूर्ण उपस्थितीची बक्षिसे या वर्षी नकोत. कोविड होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी क्वचित एखाद्या मुलाला सलग ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी अशी लक्षणे दिसतात. असे मूल त्याच दिवशी आमच्याकडे पाठवा. परवाच जागतिक आरोग्य संघटनेने या विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार चिंताजनक म्हणून जाहीर केला आहे. त्याची हवेशीर वर्गात घ्यायची काळजी वेगळी नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख (२९ नोव्हेंबर २०२१)

पुण्याच्या पालकांचा दुसरा मुद्दा रास्त आहे, त्याला बगल देणे योग्य होणार नाही. घरी थांबणाऱ्या मुलासाठी शिक्षकाने वेगळा वर्ग घेणे शक्य नाही, हे उघड आहे. मात्र आठवड्यातून एकदा, वर्गातल्या मुलांनी जे केले त्याचेच कागद घरी पोहोचवणे आणि मागच्या आठवड्याचे परत आणणे शक्य आहे. खेड्यात हे काम शेजारचे मूलही करते. शहरात पालकांनी शाळेच्या फाटकाशी येऊन कागद न्यावेत. ऑनलाइनचा आग्रह धरू नये. यंदा ऑगस्टमध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित घरांमध्ये झालेल्या एका पाहणीत ग्रामीण भागातली नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले फक्त ८ टक्के निघाली. ज्यावर आपण दीड वर्ष विसंबलो ते एवढेच होते.

संमतीपत्राबाबत त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मॅडम, छापील मसुद्याच्या मागच्या बाजूला शाळा काय काय करणार ते पाच ओळींत हाताने लिहा, खाली तुम्ही दोघे शिक्षक सही करा आणि मगच पालकांची सही मागा.

डोंगरपट्ट्यातील शिक्षिका (५ डिसेंबर २०२१)

सर्वांची आभारी आहे. बुधवारी शाळा उघडली. पहिल्या दिवशी २१ मुले आली, काल २६ होती. मागच्या बाजूला आमच्या सह्या असलेले संमतीपत्र घेऊन घरोघरी गेल्यावर दोन आज्यांनी आधी ते कोणाकडून तरी वाचून घेतले आणि नंतर अंगठा दिला. डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे लसीकरणाचे सत्र पुढच्या आठवड्यात शाळेत होणार आहे.

मुलांना एकेकटे बसवून पाहिले. चौथीतल्या सात मुलांपैकी परिच्छेद सलग वाचणारी दोनच आहेत, आणि दुसरीतले एकही मूल शब्दापर्यंत आलेले नाही. मास्कमुळे एक वेगळीच अडचण झाली. पहिली-दुसरीच्या मुलांना माझे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे ‘प’ आणि ‘फ’, ‘ब’ आणि ‘भ’ यांत त्यांचा गोंधळ होतो. आता अक्षरांचा तास मी कडुनिंबाखाली, दूर उभी राहून आणि चेहऱ्यावर पारदर्शक फेस शील्ड लावून घेते. पोषण आहाराचा अजून कोरडा शिधाच मिळतो, पण अकरा वाजले की मुले स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहतात आणि खिचडी कधी मिळणार असे विचारतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कालच डोंबिवलीत राज्यातला पहिला ओमिक्रॉनचा रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि आज सकाळपासून पालकांचे फोन सुरू झाले आहेत. मुंबई-पुण्याच्या शाळा उघडणे तर आधीच पंधरा तारखेपर्यंत पुढे गेले आहे. पुन्हा टाळे लागले तर या दोन गटांचे काय करायचे? आणि साखर कारखान्यांचे हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये फडावरून परतणाऱ्या त्या १२ मुलांना कुठे बसवायचे?

निवृत्त केंद्रप्रमुख (५ डिसेंबर २०२१)

मॅडम, टाळे लागेल असे गृहीत धरून आजची सुट्टी कामी लावा. प्रत्येक मुलाची पातळी लिहिलेली वही शाळेच्या कपाटात न ठेवता स्वतःच्या पिशवीत ठेवा. गटाप्रमाणे वाचनपट्ट्या तयार करून प्रत्येक मुलाच्या दप्तरात आतापासूनच असू द्या, म्हणजे आदेश संध्याकाळी आला तरी सकाळी धावाधाव होणार नाही. शाळा बंद झालीच तर पाचसहा मुलांना ओट्यावर बसवून तुम्ही पुढे जाऊ शकता, कारण कोणाला काय येते हे आता तुम्हाला ठाऊक आहे. जुलैत ते ठाऊक नव्हते.

फडावरच्या मुलांसाठी मार्चची वाट पाहू नका. मुकादमाकडून टोळीचा मुक्काम विचारून घ्या, शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून देतात ते) भरून पाठवा आणि त्या गावच्या शाळेला फोन करा. तिथेही १ तारखेपासून वर्ग भरत आहेत. मुक्कामाला जवळ शाळा नसेल तर मला कारखान्याचे नाव कळवा, त्या भागातल्या एकदोन केंद्रप्रमुखांशी माझा अजून संबंध आहे.