कॉमन मीटरचं बिल, सोलर आणि बी-४०४ चं छत

*ए-२०३ कुलकर्णी* (स. ७:४२)
नमस्कार मंडळी. एप्रिलचं कॉमन मीटरचं बिल बोर्डावर लागलंय, ४१,८६० रुपये!! २,१९० युनिट. कोणी बघितलं का? जानेवारीच्या मीटिंगमध्ये सोलर करायचं सर्वानुमते ठरलं, तीन कोटेशनं आली, आणि नंतर सगळं थंड. कमिटीने उत्तर द्यावं ही नम्र विनंती 🙏

*बी-२०१ देशमुख (सेक्रेटरी)* (स. ८:०५)
काका, थंड नाही. मार्चएंडला ऑडिट होतं, मी आणि शिंदे दोघंच धावपळ करत होतो. मीटिंगला ३६ पैकी ११ जण आले होते, तेवढंच सर्वानुमत.

*बी-४०४ जोशी काकू* (स. ८:११)
सोलर बसवा नाहीतर काहीही बसवा, आधी माझ्या बेडरूमचं छत गळतंय त्याचं बघा. दोन पावसाळे झाले.

*ए-३०१ निखिल* (स. ८:२०)
सोलर घेणारच असाल तर पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंग पॉइंट पण घ्या ना. मी रात्री तिसऱ्या मजल्यावरून खाली वायर लोंबकळवतो ते मलाच बघवत नाही 😂

*ए-२०३ कुलकर्णी* (स. ८:२२)
ती वायर माझ्या खिडकीवरून जाते निखिल, मलाही बघवत नाही.

*बी-१०२ वाघ* (स. ८:४०)
↪ फॉरवर्ड केलेला मेसेज: प्रत्येक घराला ३०० युनिट मोफत!! ७८ हजार सरकार देणार!! आजच अर्ज करा!!
मग आपण पैसे का भरायचे?

*ए-१०४ शिंदे (खजिनदार)* (स. ९:०३)
वाघ साहेब, ते ७८ हजार ज्यांचं स्वतःचं छत आहे त्यांना. पीएम सूर्यघर योजना, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या २ किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, झाले ७८. माझ्या भावाने नाशिकला रो हाउसवर ३ किलोवॅट बसवलं, त्याला मिळाले. आपली गच्ची सामाईक आहे. सोसायटीला लिफ्ट, पंप, दिवे आणि चार्जिंग अशा कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार मिळतात. आपलं १८ किलोवॅट धरलंय म्हणजे ३ लाख २४ हजार. निखिलचं चार्जिंगही त्यात बसतं.

*ए-१०४ शिंदे (खजिनदार)* (स. ९:०९)
कोटेशन १०,८०,००० चं आहे, सबसिडी वजा जाता ७,५६,०००. पण सबसिडी नंतर येते, सिस्टिम बसून, नेट मीटर (आपण लाइनला दिलेली वीज बिलातून वजा करणारा) लागून, तपासणी झाल्यावर. तोवर पूर्ण पैसे आपल्याला उभे करायचेत. घरटी ३०,०००. किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे कडक उन्हाच्या महिन्यात दोन-एक हजार युनिट निघतील, जून ते सप्टेंबर बरेच कमी. पावसाळा धरून महिन्याला सरासरी २८ हजार वाचले तरी सव्वादोन वर्षांत वसूल. स्थिर आकार राहणारच, बिल शून्य होणार नाही, कोणी तसं समजू नये.

*ए-००२ माने* (स. ९:१५)
आम्ही तळमजल्यावर. लिफ्टमध्ये आयुष्यात पाच वेळा चढलो असू. ३० हजार कसले?

*ए-२०३ कुलकर्णी* (स. ९:१७)
पंपाचं पाणी तरी तळमजल्यावर येतं ना माने?

*ए-००२ माने* (स. ९:१८)
हा मेसेज डिलीट केला गेला आहे

*बी-२०१ देशमुख (सेक्रेटरी)* (स. ९:२१)
कृपया वैयक्तिक नको.

*बी-४०४ जोशी काकू* (स. ९:३०)
माझ्या छताचं कोणी बोलणार आहे का?

*बी-१०३ साठे (म्युनिक)* (दु. १२:४८)
इथे जर्मनीत बाल्कनीच्या कठड्याला पॅनल लावून सरळ प्लगमध्ये खुपसतात, ८०० वॅटपर्यंत चालतं. आपल्याकडे प्रत्येकाने बाल्कनीत का लावू नये? सोसायटीचा खर्चच वाचेल.

*ए-१०४ शिंदे (खजिनदार)* (दु. १:०२)
साठे साहेब, लिफ्ट आणि पंप कॉमन मीटरवर आहेत, बाल्कनीतल्या पॅनलने ते बिल कसं कमी होणार? आणि तुमचा तीन तिमाहींचा मेंटेनन्स बाकी आहे, तेवढा आला तरी कामाला हातभार लागेल 🙏

*ए-३०१ निखिल* (दु. १:०४)
🍿

*बी-१०२ वाघ* (दु. १:२०)
तिसरं कोटेशन ८ लाख ९० हजारांचं होतं, ते का नाही घेत? दोन लाखांचा फरक आहे. कमिटीने खुलासा करावा.

*ए-१०४ शिंदे (खजिनदार)* (दु. १:३३)
खुलासा करतो. त्यातले पॅनल बाहेरच्या देशातल्या सेलचे आहेत. सबसिडीला सेल आणि पॅनल दोन्ही भारतातच बनलेले लागतात. म्हणजे त्याचे ८,९०,००० पूर्ण आपल्या खिशातून, आणि याचे ७,५६,०००. आता कुठलं स्वस्त? हे मी जानेवारीतही सांगितलं होतं, तुम्ही नव्हता.

*बी-२०१ देशमुख (सेक्रेटरी)* (दु. १:४०)
अजून एक मार्ग आला होता, कंपनी स्वतःच्या पैशाने बसवणार, आपण वापरलेल्या युनिटचे ठरलेल्या दराने पैसे द्यायचे. एक रुपया भरायला नको, पण करार लांब मुदतीचा आणि पॅनल त्यांच्या मालकीचे. बिल्डिंग २००४ ची आहे, रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला तर गच्ची दुसऱ्याच्या करारात अडकलेली नको असं मला वाटतं. आपलं स्वतःचं असेल तर बोल्ट काढून नव्या इमारतीवर नेता येतं.

*बी-३०२ पाटील आजोबा* (दु. ४:१०)
दिवे गेले तर सोलरवर लिफ्ट चालेल ना? परवा हिला घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. तिचा गुडघा तुम्हाला माहीत आहे.

*ए-१०४ शिंदे (खजिनदार)* (दु. ४:२५)
आजोबा, नाही चालणार, आधीच सांगतो म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. लाईट गेली की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर आपली वीज लाइनवर जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. लिफ्टसाठी जनरेटर लागणारच, त्याची बॅटरी या महिन्यात बदलतोय. लिफ्ट चालेल एवढी बॅटरी सोलरला जोडायची तर खर्च फार वाढतो.

*ए-२०३ कुलकर्णी* (दु. ४:३१)
आजोबा, तुम्ही गच्चीवर दाणे टाकता ते मात्र बंद करावं लागेल. पॅनलवर कबुतरांची घाण साचली की वीज कमी होते.

*बी-३०२ पाटील आजोबा* (दु. ४:३८)
वीस वर्षं टाकतोय. मुकी जनावरं आहेत. तुमच्या बिलापायी उपाशी मारू?

*बी-२०१ देशमुख (सेक्रेटरी)* (दु. ४:४४)
पॅनल दर पंधरा दिवसांनी धुवायचं वॉचमनकडे देऊ, कबुतरांचा विषय मीटिंगमध्ये. इथे नको प्लीज.

*ए-१०१ भोसले वहिनी* (दु. ४:५०)
आणि वाळवणं? कुरडया-सांडगे कुठे घालायचे?

*ए-३०१ निखिल* (दु. ४:५१)
स्ट्रक्चर आठ फूट उंच आहे वहिनी, खाली सगळी जागा मोकळी.

*ए-१०१ भोसले वहिनी* (दु. ४:५३)
सावलीत कुरडया वाळतात होय रे? 😄 आईला विचार जरा.

*ए-१०४ शिंदे (खजिनदार)* (दु. ४:५९)
वहिनी, दोन हजार चौरस फूट तरी लागणार. टाकीच्या पूर्वेचा पट्टा रिकामाच ठेवणार, तिसऱ्या प्रहरी टाकीची सावली तिथे पडते. दुपारपर्यंत तिथे कडक ऊन असतं, वाळवणं तिथे.

*बी-४०४ जोशी काकू* (सं. ५:०२)
तिसऱ्यांदा लिहिते. कुरडयांना जागा मिळाली, कबुतरांना मीटिंग मिळाली. माझ्या पलंगावर पाणी पडतं. जुन्या सोलर गीझरच्या वेळीही मी सांगत होते की स्लॅबला भोकं पाडू नका, तेव्हाही कोणी ऐकलं नाही. बिल्डरने लावलेला तो गीझर बोअरच्या पाण्याचे क्षार धरून दोन वर्षांत बंद पडला, सांगाडा अजून वर गंजतोय. आता परत तिथेच भोकं पाडणार, आणि एकदा पॅनल बसले की खाली वॉटरप्रूफिंग करायला कोण काढणार ते?

*ए-२०३ कुलकर्णी* (सं. ५:१६)
काकू, गीझरचा सांगाडा नक्की कुठे आहे? तुमच्या बेडरूमवरच का?

*बी-४०४ जोशी काकू* (सं. ५:१७)
तेच तर सांगतेय.

*ए-२०३ कुलकर्णी* (सं. ७:२४)
मी आणि शिंदे टॉर्च घेऊन वर जाऊन आलो. सांगाड्याचे चारही पाय कोब्यातून बोल्ट मारून खाली गेलेत, दोन बोल्ट गंजून तुटलेत, भोकं उघडी आहेत, त्यात माझं बोट जातं. भोवती कोबा हाताएवढा फुगलाय, ठोकलं की पोकळ वाजतो. काकू, मी जानेवारीत 'सोलरच्या मध्ये गळती आणू नका' असं म्हणालो होतो. माझं चुकलं.

*ए-१०४ शिंदे (खजिनदार)* (सं. ७:३१)
आधी सांगाडा काढायचा, कोबा उखडून वॉटरप्रूफिंग, मग पाणी साठवून चाचणी. पाऊस यायला तीन-चार आठवडे आहेत, उरकेल. ते दुरुस्ती फंडातून, ३० हजारांत धरलेलं नाही. सोलरवाल्याला सांगतो, कोब्याला ड्रिल लावायचं नाही, वरती सिमेंटचे ठोकळे ओतून त्यावर पाय. वजनाचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने. हे लेखी आल्याशिवाय ॲडव्हान्स देणार नाही.

*ए-००२ माने* (सं. ७:४०)
३० हजार दोन हप्त्यांत घ्या, मी देतो. पंपाचं पाणी येतं खरं.

*बी-२०१ देशमुख (सेक्रेटरी)* (सं. ७:४८)
रविवारी १०:३० ला पार्किंगमध्ये विशेष सभा, नोटीस लावते. वॉटरप्रूफिंगवाला उद्या सकाळी ८ ला येतोय. काकू, घरी आहात ना?

*बी-४०४ जोशी काकू* (सं. ७:५५)
आहे. चहा ठेवते. पण आधी बेडरूम बघायची, मग गच्ची.