नवऱ्याच्या सहीची अट कायद्यात नाही
गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ पासून असताना स्त्रिया आजही चोरून गर्भपात का करतात, या प्रश्नाचे कोकणापुरते उत्तर अंतर आणि बोभाट्याची भीती यांत आहे. गुहागरच्या खाडीकाठच्या वाडीतून रत्नागिरी गाठायची तर एसटीत निम्मा दिवस मोडतो, आणि बाई एकटी कुठे निघाली हे थांब्यावरच विचारले जाते. त्यातून नवरा मुंबईला चाकरमानी, शिमग्याला नाहीतर गणपतीला येणारा. त्याच्या सहीवाचून काम होत नाही ही समजूत इतकी पक्की की काही दवाखानेही ती सही मागतात. वास्तविक सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते, वीस आठवड्यांपर्यंत एकाच पात्र डॉक्टरचे मत लागते आणि तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

हे ठाऊक नसल्यामुळे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या गोळ्या येतात. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्या योग्य आठवड्यांत, योग्य मात्रेत सुरक्षित आहेत (गोळ्यांनाच दोष देणे मला पटत नाही). परंतु गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असेल तर त्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटून जीवावर बेतते. गोळ्या घेतल्यावर सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप येत असेल किंवा भोवळ येत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार असुरक्षित गर्भपातांपैकी ९७ टक्के विकसनशील देशांत होतात. संमतीचा नियम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ठळक मराठीत लावावा, अशी मागणी ग्रामसभांनी करावी.